रविवार कोणी विकला?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जेराल्ड ग्रॉफ नावाचा एक टपाल कर्मचारी होता. २०१२ साली तो नोकरीला लागला तेव्हा रविवारी कामावर जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण टपाल खाते रविवारी घरोघर टपाल वाटत नसे. ग्रॉफ इव्हँजेलिकल (बायबलला अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रवाहातला) ख्रिस्ती होता आणि रविवार हा उपासनेचा व विश्रांतीचा दिवस आहे अशी त्याची श्रद्धा होती. २०१३ मध्ये टपाल खात्याने अ‍ॅमेझॉनशी करार करून त्या कंपनीची पार्सले रविवारीही पोहोचवायला सुरुवात केली. ग्रॉफने होल्टवुड या लहानशा गावातल्या कचेरीत बदली करून घेतली, पण २०१७ मध्ये रविवारची पार्सले तिथेही आली. त्याने जायला नकार दिला, शिस्तभंगाच्या कारवाया होत राहिल्या, आणि २०१९ च्या जानेवारीत राजीनामा देऊन त्याने न्यायालयाची पायरी चढली. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, कर्मचाऱ्याच्या धार्मिक आचारासाठी सवलत नाकारायची असेल तर त्यामुळे आपल्या कारभारावर खरोखरच मोठा बोजा पडतो हे मालकाला दाखवावे लागेल. किरकोळ गैरसोयीची सबब चालणार नाही.

परंपरावादी वर्तुळात हा निकाल धर्मस्वातंत्र्याचा विजय म्हणून साजरा झाला, आणि ग्रॉफपुरता तो तसा होताही. परंतु त्या निकालाने नेमके काय मिळाले हे नीट पाहिले पाहिजे. मिळाला तो एका श्रद्धावान माणसाला सवलत मागण्याचा हक्क. त्याच्या सहकाऱ्यांना रविवार परत मिळाला नाही. उलट त्याच्या वाटची पार्सले तेच वाटत होते, आणि त्याबद्दलची त्यांची नाराजी खटल्याच्या कागदपत्रांतही नोंदली गेली आहे. जो दिवस कधीकाळी सगळ्या गावाचा होता, तो आता ज्याला वकील मिळेल त्याचा झाला. व्यक्ती, तिचा विवेक आणि तिचा हक्क या उदारमतवादाच्या भाषेत परंपरावाद्यांनी हा खटला जिंकला, आणि ज्या सामायिक जीवनाचे रक्षण करण्यासाठी परंपरावाद जन्माला आला ते जीवन मात्र त्या खटल्यात कुठेच नव्हते.

अमेरिकी परंपरावाद्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात त्यांना धर्मवेडे ठरवून मोकळे होण्याची घाई फार दिसते. मी त्यांच्या बहुतेक राजकीय मागण्यांच्या विरोधात आहे. तरीही त्यांचे मूळ निदान मला खरे वाटते, आणि ते आधी सरळपणे मांडले पाहिजे. ते निदान असे, की मुक्त समाज केवळ कायदा आणि बाजार यांच्यावर उभा राहत नाही. दिलेला शब्द पाळणे, मुलांसाठी स्वतःची हौस मागे सारणे, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जाणे या सवयी सरकार लावू शकत नाही आणि दुकानात त्या विकत मिळत नाहीत. त्या कुटुंबात, चर्चमध्ये, गावच्या मंडळांत, म्हणजे व्यक्ती आणि राज्यसंस्था यांच्या मधल्या पट्ट्यात घडतात, आणि हा मधला पट्टा विरला की एकट्या पडलेल्या माणसाला आधारासाठी सरकारखेरीज आणि करमणुकीसाठी बाजाराखेरीज काही उरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर रॉबर्ट निस्बेट या समाजशास्त्रज्ञाने हा विचार विस्ताराने मांडला. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८३१ साली अमेरिकेत आलेल्या तोकव्हिल या फ्रेंच प्रवाशाला तिथल्या लोकशाहीचे रहस्य याच पट्ट्यात सापडले होते.

हा पट्टा विरतो आहे याबद्दल वाद होऊ नये. गॅलप या संस्थेच्या पाहणीनुसार १९९९ साली ७० टक्के अमेरिकी प्रौढ कोणत्या ना कोणत्या चर्चचे, सिनेगॉगचे वा मशिदीचे सदस्य होते. २०२० साली हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. १९६० साली विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, आज ते ४० टक्क्यांच्या आसपास आहे. आणि ही झळ सर्वांना सारखी लागलेली नाही. उच्चशिक्षित, सुस्थितीतले अमेरिकी बोलताना कितीही मुक्त विचारांचे असले तरी लग्न करतात, बहुधा टिकवतात आणि मुलांना दोन्ही पालकांच्या घरात वाढवतात. घरे मोडतात ती जास्त करून कमी शिकलेल्यांची आणि कमी कमावणाऱ्यांची. जुन्या चौकटी सैल केल्याचा लाभ वरच्या थराने घेतला आणि किंमत खालच्या थराने मोजली, हा परंपरावाद्यांचा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही.

मग प्रश्न उरतो तो असा, की निदान इतके नेमके असूनही उपचार इतका चुकत का गेला. याचे उत्तर मला रविवारच्या इतिहासात सापडते.

वसाहतींच्या काळापासून अमेरिकेत रविवारी व्यापार, मजुरी आणि बऱ्याचशा करमणुकी बंद ठेवणारे कायदे होते. त्यांचे मूळ उघडउघड धार्मिक होते. १९६१ साली मेरिलँड राज्यातला असा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिथल्या एका मोठ्या दुकानातल्या नोकरांना रविवारी कागदांची फाइल, फरशीचे मेण, स्टेपलर आणि खेळण्यातली पाणबुडी विकल्याबद्दल दंड झाला होता. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी कायदा वैध ठरवला. मूळ हेतू धार्मिक असला तरी आता सर्वांना एकाच दिवशी विश्रांती मिळावी, कुटुंबांनी एकत्र यावे, आप्तेष्टांची भेट व्हावी, हा राज्याचा रास्त ऐहिक हेतू आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वॉरन हे परंपरावाद्यांचे अत्यंत नावडते न्यायाधीश, आणि तरी रविवारचा सर्वांत चांगला बचाव त्यांनीच केला, हे गमतीचे आहे. त्याच दिवशी न्यायालयाने फिलाडेल्फियातल्या ज्यू दुकानदारांची तक्रारही फेटाळली. स्वतःच्या धर्मासाठी शनिवारी आणि कायद्यासाठी रविवारी, असे दोन दिवस दुकान बंद ठेवण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. सामायिक प्रथेची किंमत अल्पसंख्याकाच्या गल्ल्यातून वसूल होते, हे रविवारच्या कैवाऱ्यांनी फारसे मान्य केले नाही, आणि हा दोष लहान नाही.

टपालाचा रविवार तर आणखी बोलका आहे. १८१० च्या कायद्याने टपाल कचेऱ्या रविवारीही उघड्या ठेवणे बंधनकारक केले होते. धर्मोपदेशकांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्यांची मोहीम चालवली, आणि ती निष्फळ ठरली. रविवारी टपाल कचेऱ्या बंद झाल्या त्या थेट १९१२ साली, जेव्हा धर्मोपदेशकांच्या बरोबरीने टपाल कामगारांच्या संघटना त्या मागणीमागे उभ्या राहिल्या. धर्माला एकट्याला जे शंभर वर्षांत साधले नाही ते धर्म आणि श्रमिक एकत्र आल्यावर साधले. मराठी वाचकाला इथे नारायण मेघाजी लोखंडे आठवल्यावाचून राहणार नाहीत. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० साली त्यांनी रविवारची सुट्टी मिळवली ती खंडोबाचा वार म्हणून आणि थकल्या शरीराचा हक्क म्हणून, अशा दोन्ही अंगांनी. दिवस तोच, देव वेगळा; पण देव आणि कामगार एकाच मागणीत असल्यामुळे ती मागणी गिरणीमालकांना टाळता आली नाही.

अमेरिकेतला रविवार हळूहळू गेला तो सर्वोच्च न्यायालयामुळे नव्हे. न्यायालयाने तर तो राखायची मुभा दिली होती. तो गेला मुख्यतः राज्यांच्या विधिमंडळांत, दुकानदारांच्या, मॉलवाल्यांच्या आणि मोठ्या साखळी-दुकानांच्या आग्रहाने, आणि धार्मिक म्हणवल्या जाणाऱ्या राज्यांतही गेला. नॉर्थ डकोटामध्ये रविवारी मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंत बहुतेक दुकाने बंद ठेवणारा कायदा होता. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने आणि रिपब्लिकन राज्यपालांनी २०१९ साली तो रद्द केला. याचा परिणाम मोजण्याचा प्रयत्नही झाला आहे. जोनाथन ग्रुबर आणि डॅनियल हंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवले की, ज्या राज्यांत हे निर्बंध उठले तिथे चर्चमधली उपस्थिती आणि देणग्या घटल्या, आणि पूर्वी चर्चला जाणाऱ्यांमध्ये दारू व अमली पदार्थांचे सेवन वाढले. परंपरावाद्यांच्या निदानाला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण आहे. पण या पुराव्यातला आरोपी, म्हणजे बाजार, गैरसोयीचा होता, म्हणून तो त्यांच्या व्यासपीठांवर फारसा ऐकू आला नाही.

याच्या उलट, १९६२ साली न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली बावीस शब्दांची एक ठरीव प्रार्थना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकेच्या नैतिक पडझडीची सुरुवात त्या निकालापासून मोजण्याची रीत पडली आहे. कोणत्याही संप्रदायाला खटकू नये म्हणून सरकारी मंडळाने रचलेली ती प्रार्थना इतकी गुळमुळीत होती, की तिच्यामुळे कुणाच्या मनात भक्ती उपजली असेल असे मानणे जड जाते. बावीस शब्द गेल्याचे दुःख साठ वर्षे पुरले, आणि वर्षाचे बावन्न रविवार गेले त्याची साधी दखल घेतली गेली नाही.

असे का झाले, याचे कारण विसाव्या शतकाच्या मध्यावर जुळलेल्या एका आघाडीत आहे. १९५५ मध्ये विल्यम बकली यांनी सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाभोवती तीन प्रकारचे लोक जमले: परंपरेचे अभिमानी, खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते आणि साम्यवादाचे विरोधक. साम्यवादाच्या धास्तीने ही मोट टिकली, आणि रेगन यांच्या रूपाने १९८० ची निवडणूक जिंकून सत्तेवर आली. परंतु या संसारात एका भागीदाराने दुसऱ्याच्या घराचे वासे काढून विकावेत आणि त्याने ‘आपलाच माणूस’ म्हणून गप्प बसावे, असा प्रकार चालू राहिला. ज्या बाजारामुळे माणूस नोकरीसाठी गाव सोडतो, ज्याच्या वेळापत्रकात आईची पाळी रात्रीची आणि वडिलांची पाळी रविवारची असते, तो बाजार या आघाडीत टीकेच्या पलीकडे होता. खुद्द रेगन यांचे उदाहरण पाहावे. जोडीदाराचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा देशातला पहिला आधुनिक कायदा कॅलिफोर्नियाचे राज्यपाल या नात्याने १९६९ साली त्यांनीच स्वाक्षरी करून अमलात आणला, आणि अकरा वर्षांनी कुटुंबमूल्यांच्या नावाने मते मागणाऱ्यांनी त्यांनाच डोक्यावर घेतले. त्यांनी हरवले ते जिमी कार्टर यांना, जे रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे बॅप्टिस्ट होते.

जुगाराच्या बाबतीत हे मौन अधिकच गडद झाले आहे. जुगार हे पाप आहे असेच अमेरिकी प्रॉटेस्टंट परंपरेत बहुतांशी मानले गेले. लॉटरीविरुद्ध तिथल्या पाळकांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रवचने दिली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला रोखणारा १९९२ चा संघराज्यीय कायदा रद्द केला. प्रश्न राज्यांच्या अधिकाराचा होता, नीतीचा नव्हता, हे खरे. पण त्यानंतर काही वर्षांतच बहुसंख्य राज्यांनी सट्टा खुला केला आणि तो लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो, आणि पुढे ग्रॉफचा निकाल लिहिणारेही तेच. एका निकालाने एका माणसाला आपला रविवार मागण्याचा हक्क मिळाला. दुसऱ्या निकालानंतर फुटबॉलचे सामने पाहत दिवसभर पैजा लावणाऱ्या लाखोंच्या रविवारचे काय झाले, हे कुणी विचारले नाही. अटलांटिक सिटीत कॅसिनो चालवलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांना दर दहा गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे आठ जण मत देत असतील, तर हा प्रश्न विचारणे अवघड होतेच.

लुइझियाना राज्याने २०२४ साली कायदा केला की सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा किमान अकरा बाय चौदा इंचांचा फलक लावलाच पाहिजे. त्यावर लगेच न्यायालयीन लढाई सुरू झाली, ती अपेक्षितच होती. मला त्या फलकावरचा मजकूर अधिक महत्त्वाचा वाटतो. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पवित्र पाळण्याची आज्ञा त्यात एका ओळीत आहे. मूळ निर्गमाच्या पुस्तकात ती तशी नाही. त्या दिवशी तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे आणि तुझ्या वेशीच्या आतला परका, यांपैकी कोणीही काम करू नये, असा तिचा विस्तार आहे. म्हणजे ती मालकाला उद्देशून आहे. तू विसावा घे एवढेच सांगून ती थांबत नाही, तर तुझ्या हाताखालच्यांना विसावा घेऊ दे असे बजावते. फलकावर जागा कमी होती म्हणून असो वा अन्य कशामुळे, त्या आज्ञेतून दास, दासी आणि परका नेमके गळाले. आणि याच राज्यातल्या बहुसंख्य जिल्ह्यांनी २०२० च्या मतदानात खेळांवरच्या सट्ट्याला मंजुरी दिलेली आहे.

यावर परंपरावाद्यांचे एक उत्तर असते आणि ते विचार करण्याजोगे आहे. कायदा केवळ शिक्षा करत नाही, तो शिकवतोही; चांगले काय आणि वाईट काय याचा संकेत समाजाला कायद्यातून मिळतो, म्हणून शाळा, न्यायालये आणि विधिमंडळे ताब्यात असणे आवश्यक आहे, असे ते म्हणतात. हे काही अंशी बरोबर आहे. वर्णविभाजन मोडणाऱ्या कायद्यांनी अमेरिकेला निश्चितच काही शिकवले. पण कायदा शिकवतो तो ऐकणारा वर्ग समोर असेल तर. २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क न्यायालयाने काढून घेतला आणि जवळपास अर्ध्या शतकाची मोहीम फळाला आली. सहा आठवड्यांत कॅन्ससमध्ये, म्हणजे ट्रम्प यांना तोवर दोनदा जिंकून दिलेल्या राज्यात, सार्वमत झाले आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी राज्यघटनेतले गर्भपाताचे संरक्षण काढायला नकार दिला. पुढच्या वर्षी ओहायोने तो हक्क आपल्या घटनेत घातला. न्यायालय जिंकता आले, शेजारी जिंकता आला नाही.

शेजारी का दुरावला, याचे एक कारण समाजशास्त्रज्ञ मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर यांनी २००२ मध्येच सुचवले होते: आपला कोणताच धर्म नाही असे सांगणाऱ्यांची संख्या वाढण्यामागे, धर्म म्हणजे एका पक्षाचे राजकारण अशी झालेली ओळख हेही एक कारण आहे. जेरी फॉलवेल या गोऱ्या बॅप्टिस्ट पाळकाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९६५ मध्ये, कृष्णवर्णीय धर्मोपदेशक नागरी हक्कांसाठी रस्त्यावर होते तेव्हा, पाळकाचे काम आत्मे वाचवण्याचे आहे, राजकारणाचे नाही, असे त्यांनी प्रवचनात ठासून सांगितले. १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ (नैतिक बहुमत) ही राजकीय संघटना स्थापन करताना ते विसरले गेले. या संघटनेच्या उभारणीत असलेले पॉल वेरिक यांनी १९९९ साली एका जाहीर पत्रात, देशात नैतिक बहुमत आहे असे आपल्याला आता वाटत नाही, आणि आपल्या माणसांनी राजकारणापेक्षा स्वतःच्या संस्था उभारण्याकडे वळावे, अशी कबुली दिली. चळवळीने पत्र वाचले आणि पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागली.

फॉलवेल यांच्या त्या प्रवचनामुळे आणखी एक गोष्ट निघते. परंपरावाद्यांच्या स्मरणातला भरल्या चर्चचा, शांत रविवारचा अमेरिकी गाव हा बहुतेक वेळा गोऱ्यांचा गाव असतो. त्याच गावात रविवारी सकाळी कृष्णवर्णीयांचे चर्च वेगळे भरे, आणि कुटुंब, भक्ती, परस्परसाहाय्य या परंपरावाद्यांच्या लाडक्या गुणांवरच ते शतकभर उभे होते. अमेरिकेतल्या मधल्या पट्ट्याचे सर्वांत चिवट उदाहरण कोणते, असे विचारले तर मी कृष्णवर्णीय चर्चकडे बोट दाखवीन. पण ते दुसऱ्या पक्षाला मत देते, म्हणून परंपरावाद्यांच्या वंशावळीत त्याला जागा नाही.

अलीकडे मात्र एक वेगळा सूर उमटला आहे. हेरिटेज फाउंडेशन या परंपरावादी विचारगटाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या, ‘प्रोजेक्ट २०२५’ म्हणून गाजलेल्या नऊशेहून अधिक पानांच्या आराखड्यात कामगारविषयक प्रकरणात एक सूचना आहे: शब्बाथच्या दिवशी काम करणाऱ्यांना दीडपट वेतन देणे कायद्याने बंधनकारक करावे, हा दिवस सर्वसाधारणपणे रविवार धरावा, आणि ज्या मालकांचा शब्बाथ वेगळा त्यांच्यासाठी तो वेगळा असावा. त्या आराखड्यातल्या कित्येक गोष्टी मला भीतिदायक वाटतात, पण ही सूचना वाचताना मी थबकलो. इथे फिलाडेल्फियाच्या ज्यू दुकानदाराची आठवण ठेवलेली आहे, १९१२ ची युती पुन्हा डोकावते आहे, आणि आज्ञेतले दास-दासी फलकावर परतले आहेत. मात्र त्याच ठिकाणी इतर परंपरावाद्यांचे विरोधी मतही छापले आहे: अशाने खर्च वाढेल आणि ग्राहकांची गैरसोय होईल. सत्तर वर्षांच्या आघाडीतले भांडण एकाच पानावर इतक्या उघडपणे क्वचितच आले असेल.

न्यू जर्सीतल्या बर्गन परगण्यात रविवारी कपडे, फर्निचर, विजेची उपकरणे विकायला आजही बंदी आहे. १९९३ मध्ये मतदारांनी ही बंदी उठवायला नकार दिला. हा परगणा काही इव्हँजेलिकलांचा बालेकिल्ला नाही. तो बहुधा डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकतो, आणि तिथे ज्यू, कोरियन, भारतीय अशी सगळी वस्ती आहे. तिथल्या पॅरामस गावातल्या महामार्गांवर सोमवार ते शनिवार मॉलच्या गाड्यांची जी रीघ असते ती रविवारी नसते, आणि बंदीच्या बाजूने बोलणारे लोक हेच कारण देतात: एक दिवस रस्ता मोकळा, एक दिवस शांतता. देवाचे नाव कोणी घेत नाही. अमेरिकेत जिथे जिथे मराठी शाळा भरतात त्या बहुतेक शनिवार-रविवारीच भरतात, आणि चाळीस घरांतल्या आईवडिलांना एकाच तासाला मोकळे करणे म्हणजे काय, हे त्या चालवणाऱ्यांना विचारावे. ज्यांची दुकाने आहेत, ज्यांची रुग्णालयात पाळी आहे, त्यांची मुले हळूहळू गळतात.

ग्रॉफचा खटला सर्वोच्च न्यायालयाने नव्या निकषावर तपासण्यासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. निकाल गुरुवारी लागला. त्यानंतरच्या रविवारीही अ‍ॅमेझॉनची पार्सले घेऊन टपाल खात्याच्या गाड्या निघाल्याच.